केसाहून बारीक नदी

भुयारी स्टेशनातून वर येणाऱ्या सरकत्या जिन्यावर धाकटी उभी होती, शेजारच्या जिन्यावरून ताई खाली चालली होती, आणि दोघींच्या मधे होता एक काळा रबरी कठडा, हातभर रुंद. तीन महिने झाले होते दोघींना एकमेकींशी अक्षर बोलून. पण माणसाच्या हाताला अबोला कळत नाही. ताईचा निळा स्कार्फ दिसला तसा धाकटीचा हात आपसूक वर गेला, तोंडभर हसू फुटलं, "अगं ताई!" असं निघूनही गेलं. ताईनं मान वळवली. डावा डोळा अर्धा मिटलेला, एखाद्या किरकोळ माणसाकडे बघावं तसा. मग तिनं वरचा ओठ उचलला आणि दात दाखवले. हसली नाही, दात विचकले. कुत्रं दिसल्यावर मांजर विचकतं तसे. जिने आपापल्या कामाला लागलेले, एक वर, एक खाली. ताई गर्दीत उतरून गेली आणि धाकटीच्या चेहऱ्यावर ते हसू तसंच उभं राहिलं, कुणी दार न उघडलेल्या पाहुण्यासारखं. वर पायऱ्या संपल्या हे पायांना कळलं नाही. ती अडखळली. मागचे गृहस्थ म्हणाले, "बाई, घरी राहिलंय का लक्ष?" आणि तिला वाटलं, असेल बाबा, कुठेतरी राहिलंय खरं.

स्टेशनापासून विज्ञान केंद्रापर्यंतचा रस्ता ती रोज रमतगमत चालायची, आज तो तिच्या पायांखालून कुणीतरी ओढून घेतल्यासारखा सरकला. कान तापले होते. दात विचकले! सख्ख्या बहिणीवर! आणि गंमत अशी, की रागाच्या आतून तिचं दुसरं मन, ते कामाचं मन, टाळ्या पिटत होतं: बघ, बघ, काय वेग आहे! डोळ्यानं पाहिलं, आणि पापणी लवायच्या आत कान तापले, पाय झपाझप चालायला लागले. कुणी सांगितलं पायांना? वर्षभर ती दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हती. केंद्रासाठी ती मोठमोठ्या प्रतिकृती बनवायची. दार उघडून आत शिरता येईल असं हृदय, लहान मुलं घसरगुंडी करतील असा कान. आणि यंदा सिनॅप्स. दोन चेतापेशी भेटतात ती जागा. भेटतात म्हणजे भेटत नाहीतच, हेच तर तिला पहिल्यांदा समजलं तेव्हा ती खुर्चीवरून उठून खोलीभर फिरली होती. एक पेशी दुसरीला शिवतच नाही! मधे फट असते. केसाच्या हजारो चिरफाळ्या केल्या तर त्यातल्या एकीएवढी, पण असते. विजेची लहर तंतूच्या टोकापर्यंत सुसाट येते आणि काठावर थबकते. तिला पोहता येत नाही. मग काठावरच्या इवल्या पिशव्या फुटतात, त्यातून रसायनाचे कण फटीत उतरतात, तरंगत पल्याड जातात, आणि पल्याडच्या काठावर त्यांच्याच मापाची दारं असतात. कण दारात बसला की दार उघडतं. पुरेशी दारं उघडली की तिकडे नवी लहर उठते. त्या कणांना पुस्तकात न्यूरोट्रान्समीटर म्हणतात; धाकटी त्यांना निरोपे म्हणायची. माया, भीती, पाठ केलेले पाढे, आईचा चेहरा, सगळं त्या नदीतून रोज कोट्यवधी वेळा पोहून जातं, आणि आपण म्हणतो, मला सहज आठवलं.

नदी म्हटलं की ताई आलीच. लहानपणी दोघींच्या खाटांमध्ये एक फट होती. दिवा मालवला की ताई कुजबुजायची, "चिमणे, हात कर." अंधारात हात पुढे केला की तळव्यावर एक भाजलेला शेंगदाणा पडायचा. मग आणखी एक. ताई उशीखाली मूठभर लपवून आणायची आणि एकेक देत राहायची, आणि ते चावताना आवाज होऊ नये म्हणून धाकटी गालात धरून मऊ करायची. आई दारातून गुणगुणत जायची, सगळं ठाऊक असल्यासारखी:

अल्याड माझी चिमणी ग, पल्याड माझी मैना,
मधे वाहतं पाणी ग, निरोप काही येईना.

पुढच्या ओळी आई रोज नव्या जोडायची; कधी त्यात होडी यायची, कधी मासा, कधी आजोबांची हरवलेली छत्री. ताईचा आवाज आईकडून आलेला, पण आईहून खोल. त्याच आवाजावर ताईचं पोट चालायचं. अंध वाचकांसाठी ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची, जाडजूड कादंबऱ्या, एकटी, काचेच्या खोलीत बसून. म्हणून तर धाकटीनं हट्ट धरला होता, की सिनॅप्सच्या दालनातला आवाज ताईचाच हवा. आणि ताईनं त्याची माती केली. दुसरा शब्द नव्हता. पहिली चार वाक्यं अशी, की ऐकणाऱ्यानं श्वास धरावा; मग हळूहळू आवाज नाकात शिरला, शब्दांच्या कडा वितळल्या, शेवटी शेवटी तर कुणीतरी तोंडात बोळा कोंबून वाचतंय असं. "तुला मनच नव्हतं तर नाही म्हणायचं ना, ताई! भीक नको होती मला!" धाकटी फोनवर ओरडली होती. पलीकडून एक लांब श्वास, काहीतरी गुरगुरल्यासारखं, आणि फोन बंद. तेव्हापासून असंच. फोन केला तर ताई दोन वाक्यं बोलायची आणि तिसऱ्याला ठेवून द्यायची. मग धाकटीनं करणंच सोडलं. आपल्याकडून पूल बांधायचा आणि पलीकडच्यानं फळ्या उचकटायच्या, किती दिवस?

दालनात शिरली तर सुतार आणि रंगारी यांची जुंपली होती. उद्या उद्घाटन, आणि मांडवाएवढा सिनॅप्स रुसून बसलेला. एका बाजूला चेतापेशीचं टोक, त्यात नारिंगी चेंडूंनी भरलेल्या पिशव्या. मधे फट, आणि फटीच्या तळाशी सरकता पट्टा, पडलेले चेंडू वाहून परत नेणारा. पल्याडच्या भिंतीवर वाटीच्या आकाराची शेकडो दारं, आणि त्यांच्यावर मोठा दिवा. बटण दाबलं की चेंडू सुटायचे, वाट्यांत बसायचे, पुरेशा वाट्या भरल्या की दिवा लागायचा. कालपर्यंत लागतही होता.

"पहिल्यांदा दाबलं की लागतो," सुतार म्हणाला. "दुसऱ्यांदा मिणमिणतो. तिसऱ्यांदा मेला."

"म्हणजे तुमच्या पिशव्यांत दम नाही," रंगारी म्हणाला. "माझ्या बाजूला बोट दाखवू नका. माझी बाजू बघा कशी नवरीसारखी नटलीय."

"नवरी नटली, पण बोलत नाही ना! आता मी काय करू, तिच्यासमोर नाचू?"

"चेंडू वाढवा," धाकटी म्हणाली. सकाळचा राग अजून जिभेवर होता. "पाठवणाऱ्यानंच हात आखडता घेतलाय. पाठवायचंच नसलं मनात की असंच होतं." सुतारानं भुवया उंचावल्या. त्यांनी चेंडू वाढवले. बटण दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, मिणमिणला. पुन्हा, काळोख. चेंडू तर धो धो सुटत होते, पिशव्या जीव तोडून ओतत होत्या, पल्याडच्या भिंतीवर आपटून फटीत पडत होते आणि पट्टा त्यांना मुकाट्यानं वाहून नेत होता. धाकटी वैतागली. फटीत उतरली, आणि कशाचाही विचार न करता तिनं त्या सरकत्या पट्ट्यावर दोन्ही हात दाबून धरले. मोटर कण्हली, पट्टा रेंगाळला. "दाबा!" चेंडू सुटले, तिच्या डोक्यावर, खांद्यांवर, भिंतीवर, पट्टा नेईना म्हणून फटीत साचले, एकमेकांवर चढले, पुन्हा पुन्हा भिंतीला धडकत राहिले, आणि वर, कुठल्यातरी चुकार मोकळ्या वाट्यांत, एक बसला, दुसरा बसला, आणि दिवा भक्कन लागला.

ती चेंडूंत कमरेएवढी उभी, डोळ्यासमोर लखलखाट. नाकासमोर पल्याडची भिंत होती. इतक्या जवळून तिनं ती आज पहिल्यांदाच पाहिली. आणि तिला दिसलं, की बहुतेक वाट्यांत चेंडू आधीच बसलेले आहेत. तिनं एकाला नख लावलं. निघेना. अर्धाच चेंडू होता तो, कापून, रंगवून, डिंकानं चिकटवलेला.

"हे काय आहे?"

रंगारी खाली वाकून म्हणाला, "ते होय? काल संध्याकाळी फोटोवाला आला होता ना. रिकामी भोकं कशी दिसत होती ठाऊक आहे? बोळक्या म्हातारीसारखी. म्हटलं उरलेले चेंडू आहेत, अर्धे कापून बसवू, भरलेलं घर दिसेल. डिंक संपला म्हणून काही राहिली, नाहीतर सगळी बसवली असती." आणि मग, तिचा चेहरा बघून, "चुकलं का?"

सुतार हसत सुटला. "अहो, दाराला कुलूप लावून वर पाहुण्याचं चित्र काढलंत तुम्ही!"

धाकटी हसली नाही. रागावलीही नाही. तिच्या मानेपासून टाचांपर्यंत काहीतरी सर्रकन गेलं आणि ती त्या चेंडूंत तशीच खिळून राहिली. पाठवणारा पाठवतोय. जीव तोडून पाठवतोय. दारंच बुजलेली आहेत. पहिला लोंढा मोठा, म्हणून पहिल्यांदा लागतो, मग लोंढा ओसरतो, दुसऱ्यांदा मिणमिणतो, तिसऱ्यांदा... पहिली चार वाक्यं अशी, की ऐकणाऱ्यानं श्वास धरावा. दोन वाक्यं बोलून तिसऱ्याला फोन ठेवून देणारी. अर्धा मिटलेला डोळा. या दालनाची सल्लागार डॉक्टरीणबाई एकदा चहाचा कप हलवत सांगत होती, आणि धाकटी वाट्यांची मापं घेत अर्ध्या कानानं ऐकत होती: नुसतं चेतापेशी ते चेतापेशी नव्हे हो, शेवटची फट असते चेतापेशी आणि स्नायू यांच्यामधली. काही माणसांच्या शरीराचे पहारेकरी वेडे होतात, आपल्याच दारांना चोर समजून त्यांत ठाण मांडून बसतात. मेंदू सांगतो पापणी उचल, निरोपे निघतात, पण दारं बंद. सकाळी बरं असतं, वापरलं की थकतं. आणि लोक म्हणतात, नाटकं करते. "आणि गंमत सांगू? त्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरा. फटीतली झाडलोट करणारी रसायनं गारठून सुस्तावतात, निरोपे जास्त वेळ रेंगाळतात, आणि पापणी आपली उघडते. जादूच!"

"मला बाहेर काढा," धाकटी म्हणाली. सुतारानं हात दिला. ती धावत ध्वनीच्या खोलीत गेली आणि तिनं ताईचं ते टाकून दिलेलं ध्वनिमुद्रण लावलं. भांडणानंतर प्रथमच. "तुमच्या कपाळाआड या क्षणी..." केवढा आवाज! पाचव्या वाक्याला कड वितळली. आठव्याला नाकात गेला. मग ध्वनिमुद्रकानं चहासाठी थांबवलं असणार, कारण नंतरचं वाक्य पुन्हा लखलखीत, पुन्हा चार वाक्यं, पुन्हा विझत जाणारं. मन नसलेला माणूस असा वाचत नाही. मन नसलेला पहिल्यापासूनच वाईट वाचतो! तिला रडू येत होतं आणि ती हसत होती, आणि आठवणी मागून दांडगाईनं घुसत होत्या, मी आधी, मी आधी. ताईनं कमरेइतके केस कापून टाकले तेव्हा आई म्हणाली होती, या वयात हिला फॅशन सुचते. अगं, विंचरायला हात वर राहत नसतील! जेवताना मधेच हनुवटीला तळवा लावून बसायची. आपल्याला वाटलं, तोंड फिरवते; जबडा थकत असेल! पाणी पिताना ठसका. तो लांब श्वास, ते गुरगुरणं. ती बोलत होती. फोन ठेवायच्या आधी ती काहीतरी बोलत होती!

तिनं आईला फोन लावला. "आई, ताई कुठे आहे?"

"आता बरी आठवण झाली ताईची! घरी असेल. सकाळचंच वाचते ती हल्ली, दहालाच काम थांबवून घरी येते. आणि ऐक, ते कामही सोडतेय ती. आज संध्याकाळी कळवणार आहे म्हणे. मी विचारलं का, तर चिठ्ठी दाखवली, 'आता जमत नाही.' बोलायचेसुद्धा कष्ट बाईसाहेबांना. तुम्ही दोघी म्हणजे ना..."

"आई, ती नाटकं करत नाहीये."

"मग काय करतेय?"

"ओरडतेय ती, आई! केव्हापासून ओरडतेय!"

उपाहारगृहातून तिनं मूठभर बर्फ घेतला, साचे ओतण्याच्या रबरी हातमोज्यात भरला, गाठ मारली आणि बस पकडली. मांडीवर पाच बोटांचा गारठलेला हात. शेजारच्या आजी जरा सरकून बसल्या. सिग्नलला बस थांबली की धाकटीचं काळीज लाल व्हायचं. तिला चालकाला सांगावंसं वाटत होतं, की दादा, तुमच्या पायाला ब्रेक सोड म्हणून सांगणारे लक्षावधी निरोपे आत्ता, या क्षणी, नदी ओलांडतायत, तेव्हा जरा घाई करा. सगळी बस तिला उजळून दिसत होती. खिडकीशी डुलकी घेणारा, बाळाच्या पाठीवर थोपटणारी, स्वतःशीच पुटपुटणारा शाळामास्तर. प्रत्येक कपाळाआड आकाशात नसतील इतक्या ठिणग्या, आणि प्रत्येक ठिणगी काठावर येऊन थबकणारी, पल्याड कुणीतरी दार उघडेल या भरवशावर उडी टाकणारी. केवढा हा भरवसा! चुकत कसा नाही रोज? आणि चुकला तर आपण काय करतो, तर पाठवणाऱ्याला दोष देतो. मी वर्षभर दारं घडवली, वाट्या कोरल्या, माप एका सुतानं चुकू दिलं नाही, आणि माझंच दार! मधेच आईची चाल आठवली, आणि ओळी आपल्या आपण जुळल्या, बसच्या खडखडाटावर:

निरोप निघाला होता ग, नाही पाण्यात बुडाला,
दाराशी येऊन बाई, उंबऱ्यापाशी अडला.

हातमोज्यातून पाणी गळत होतं. पण हे नसलंच तर? बर्फानं काहीच झालं नाही तर? मग ताईला खरंच आपण नकोसे झालो आहोत, आणि सकाळचे ते दात खरे आहेत. ही भीती तिच्या पोटात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि तरी तिचे पाय तीन मजले धावतच चढले.

ताईनं दार उघडलं. दोन्ही पापण्या उतरलेल्या, डावी तर बुबुळावर पडदा ओढल्यासारखी. तिनं बघण्यासाठी मान मागे टाकली, आणि धाकटीला कळलं, की ज्याला सगळे तोरा म्हणतात तो हा. पापणीखालून दिसावं म्हणून वर केलेली हनुवटी. टेबलावर राजीनाम्याचा कागद आणि पेन.

"काय हवंय?" शब्द नाकातून आले, कडा नसलेले.

"बस खुर्चीत. डोळा मीट. बोलू नकोस, आवाज साठव."

"हे काय... हातात?"

"बर्फ."

ताई काही क्षण त्या गळक्या रबरी हाताकडे बघत राहिली. मग एकेक शब्द ढकलत म्हणाली, "अगं वेडे, माझ्याकडे... फ्रिज आहे."

धाकटीला हसू फुटलं ते आवरेना. ती हसत हसत ताईच्या समोर गुडघ्यांवर बसली, आणि तो वितळता हात तिनं डाव्या पापणीवर ठेवला. ताई शहारली पण हलली नाही. पाणी गालावरून हनुवटीवर आणि तिथून निळ्या स्कार्फमध्ये उतरत होतं. दोन मिनिटं म्हणजे किती असतात हे धाकटीला त्या दिवशी कळलं. खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं. भिंतीवरचं घड्याळ एकेक सेकंद तळव्यावर ठेवत होतं, शेंगदाण्यासारखा. ती मनात पल्याड गेली होती, त्या पापणीत, त्या केसाहून बारीक नदीच्या काठी, आणि झाडलोट करणाऱ्यांना विनवत होती, थांबा ग बायांनो, हात गारठू द्या, टेका जरा, निरोपे पोचू द्या. उरलीसुरली जी दारं असतील त्यांत एक बसू दे. दुसरा बसू दे.

तिनं हात काढला. "उघड."

ताईचा उजवा डोळा तसाच अर्धवट राहिला. आणि डावा उघडला. पूर्ण. ओला, लालसर, गार, सताड उघडा; खिडकीचा अख्खा उजेड त्यात शिरला. ताईनं खोलीभर पाहिलं, छताकडे पाहिलं, मग हनुवटी खाली करून, सरळ, धाकटीकडे पाहिलं. किती दिवसांनी कुणीतरी तिला समोरून दिसत होतं.

"रोग आहे हा, ताई! खरा आहे! याला नाव आहे, औषध आहे!" धाकटी एकाच श्वासात बोलत सुटली. "झाडलोट मंदावणाऱ्या गोळ्या असतात, पहारेकऱ्यांना आवरणारीही औषधं असतात. बर्फानं काही भागायचं नाही, उतरेल पापणी आत्ता पुन्हा, पण डॉक्टरीणबाईंना मी वाटेतच सांगितलंय. आजच जायचं, ठसका लागतो ना तुला, म्हणून आजच. तो कागद फाड. तुझा आवाज कुठे गेलेला नाही, दारात अडकलाय नुसता. मला कळलं नाही ग. मला वाटलं तू..."

ताईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. उघडलेली पापणी एव्हाना हळूहळू उतरायला लागली होती, संध्याकाळच्या पडद्यासारखी. ताईनं ती उतरू दिली. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि शब्दांपुरती शक्ती नव्हती. मग तिचे गाल थरथरले. ओठांचे कोपरे वर जायला धडपडले आणि जागीच राहिले. फक्त वरचा ओठ मधोमध उचलला गेला आणि दात दिसले. तेच दात, तोच ओठ, तेच सरकत्या जिन्यावरचं विचकणं, अगदी हातभर अंतरावर.

ताई हसत होती. सकाळी, त्या गर्दीत, आपल्याला पाहून, ती तोंडभर हसली होती.

"पोचलं," धाकटी म्हणाली, "पोचलं ग," आणि तिनं हात पुढे केला.